कीर्तनाच्या व्हिडिओतून नुसता ऑडिओ काढायचाय? एमपी३ सगळ्यात शेवटी बनवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, आधी तो थोडक्यात मांडतो म्हणजे माझं काही चुकत असेल तर सांगा. गावच्या सप्ताहातली कीर्तनं तुम्ही दोन मोबाइलवर शूट करता, आवाजासाठी साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक लाइन रेकॉर्डरमध्ये घेता आणि प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करता. गावातली वयस्कर मंडळी, शेतात काम करणारी माणसं म्हणतात आम्हाला व्हिडिओ नको, नुसतं ऐकायला द्या, म्हणून तुम्ही टाइमलाइनवरून (जिथे क्लिप कापून ओळीने लावतात तिथून) थेट एमपी३ काढता. मग कुणी म्हणतं एकाच कानात येतंय, कुणी म्हणतं फोनवर महाराजांचा आवाजच गायब आहे, कुणाला फार बारीक येतोय, आणि एका फाइलमध्ये शेवटची दहा मिनिटं रिकामीच गेली. तुम्ही विचारलंय की एमपी३चा बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा, तो केबीपीएसमध्ये मोजतात) ३२० केबीपीएस घेऊ की १२८. आणि शेवटी असंही विचारलंय की पुण्यात एका साउंडवाल्याकडून आवाज साफ करून घ्यायचाय, त्याला कुठली फाइल पाठवू.

३२० की १२८ याचं उत्तर देतो, पण तुमच्या चार तक्रारींपैकी एकही बिटरेटमुळे आलेली नाही. ३२० करा नाहीतर आणखी काही करा, एका कानातला आवाज एकाच कानात राहणार. हे सगळे प्रॉब्लेम टाइमलाइनवरचे आहेत, ते फक्त एक्सपोर्ट केल्यावर कळतात एवढंच. म्हणून मी जो क्रम पाळतो तो सांगतो. टाइमलाइन तपासायची, मग एकच चांगली वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल काढायची, ती पूर्ण ऐकायची, आणि मग त्या वेव्हपासून ज्याला जशी लागेल तशी एमपी३ करायची. टाइमलाइनवरून थेट एमपी३ काढू नका, कारण उद्या कुणी म्हणालं छोटी साइज द्या की तुम्ही त्या एमपी३ची अजून एक एमपी३ करणार, आणि ती झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी होते, दर वेळी काहीतरी कायमचं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, महाराजांचा आवाज फोनवर गायब होणं. हे नीट वाचा, कारण सप्ताहाच्या रेकॉर्डिंगमध्ये हे फार वेळा होतं आणि बहुतेक जण दोष एक्सपोर्टला देतात. मिक्सरच्या आउटपुटमधून तुमच्या रेकॉर्डरपर्यंत जी वायर येते ती कसली आहे त्यावर हे अवलंबून आहे. साधी मोनो (एकाच चॅनलची) पिन असेल आणि ती स्टिरिओ (डावा-उजवा अशा दोन चॅनलच्या) इनपुटमध्ये घातली असेल तर आवाज फक्त डाव्या चॅनलवर येतो, उजवा चॅनल रिकामा. ही तुमची एका कानातली तक्रार, आणि ही त्यातल्या त्यात सोपी. पण मिक्सरचं आउटपुट बॅलन्स्ड (तोच आवाज सरळ आणि उलटा अशा दोन तारांतून पाठवणारं) असेल आणि वायर टीआरएस पिनची, म्हणजे दोन काळ्या कड्यांनी तीन भाग झालेल्या पिनची असेल, तर डाव्या चॅनलवर आवाज येतो आणि उजव्या चॅनलवर तोच आवाज उलटा होऊन येतो. उलटा म्हणजे डावीकडची लाट वर जाते त्याच क्षणी उजवीकडची खाली जाते. हेडफोन लावला तर दोन्ही कानांत आवाज येतो, जरासा पोकळ, डोक्याच्या बाहेर पसरल्यासारखा वाटतो पण येतो, म्हणून एडिट करताना लक्षात येत नाही. मात्र एकच स्पीकर असलेला फोन किंवा छोटा ब्लूटूथ डबा दोन्ही चॅनल एकत्र करून वाजवतो, आणि एक लाट वर एक खाली, बेरीज शून्य. महाराज गायब, मागून कुठून तरी पुसटसा काहीतरी आवाज येत राहतो. तुम्ही लिहिलंय की घरी हेडफोनवर सगळं व्यवस्थित होतं, त्यावरून मला खात्रीच वाटतेय की हेच झालंय.

खात्री करायची असेल तर रेकॉर्डरची मूळ फाइल ऑडॅसिटीमध्ये उघडा, ते फुकट आहे. कुठल्याही एका शब्दावर झूम करत जा, इतकं की लाटेची एकेक रेघ दिसायला लागेल. वरच्या पट्टीत डावा चॅनल, खालच्या पट्टीत उजवा. दोन्ही सारखेच वरखाली जात असतील तर ठीक आहे, वर डोंगर तिथे खाली दरी असं आरशात बघितल्यासारखं दिसत असेल तर चॅनल उलटा आहे. आणि खालची पट्टी सपाट रेघ असेल तर साधी मोनो पिन होती.

दोन्हीवर उपाय एकच, उजवा चॅनल टाकून द्यायचा आणि डावाच दोन्हीकडे वाजवायचा. प्रीमियरमध्ये क्लिप टाइमलाइनवर टाकायच्या आधी करत असाल तर प्रोजेक्ट पॅनलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, मॉडिफाय, ऑडिओ चॅनल्स, आणि तिथे दोन्हीला डावा चॅनल द्या. पण एक लक्षात ठेवा, जी क्लिप आधीच टाइमलाइनवर कापून लावली आहे तिला हा बदल लागू होत नाही, तो पुढच्या वेळी टाकलेल्या क्लिपला लागतो. तुमचं एडिट झालेलं आहे म्हणून तुम्ही इफेक्ट्समध्ये जाऊन 'फिल राइट विथ लेफ्ट' शोधा आणि मिक्सरच्या लाइनच्या सगळ्या क्लिपवर टाका. पुढच्या सप्ताहाला साउंडवाल्याला आधीच सांगा की मला एकाच चॅनलची लाइन दे आणि रेकॉर्डरवर मोनो रेकॉर्ड करा, पण त्याआधी वायर बरोबर आहे ना ते तपासा, नाहीतर उलटा चॅनल मोनोत मिसळून आवाजच जाईल. साउंडवाले बहुतेक वेळा मदत करतात, फक्त कीर्तन उभं राहायच्या अर्धा तास आधी जाऊन बोलायला पाहिजे, ऐन वेळी त्याला हजार कामं असतात.

मिक्सरच्या लाइनबद्दल अजून एक गोष्ट, तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. लाइनमध्ये फक्त तेवढंच येतं जेवढ्याला माइक आहे. महाराज, मृदंग, हार्मोनियम, पुढे उभे असलेले एकदोन गायक. मागे ओळीने उभ्या असलेल्या टाळकऱ्यांना माइक नसतो आणि समोर बसलेल्या लोकांना तर नसतोच, त्यामुळे नुसत्या लाइनवर ऐकलं तर 'विठ्ठल विठ्ठल' गजराला महाराज एकटेच रिकाम्या मंडपात उभे आहेत असं वाटतं. मला हे फार खटकतं, कीर्तन हे मंडपातल्या सगळ्यांचं असतं, टाळ आणि लोकांचा आवाज नसेल तर ऐकणाऱ्याला त्यात शिरताच येत नाही. म्हणून निदान एका मोबाइलचा आवाज बंद करू नका, खाली हळू ठेवा, निरूपणाच्या वेळी अगदी कमी आणि गजराला थोडा वर. मात्र दोन्ही जुळलेले पाहिजेत. मोबाइल आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, सुरुवातीला जुळवलेलं दीड तासाने काही फ्रेमने सरकलेलं असू शकतं आणि मग आवाज घुमल्यासारखा यायला लागतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी निरूपणात थांबा आला की तिथे मोबाइलची क्लिप कापून परत जुळवून घ्या, टाळाचा एखादा स्पष्ट ठोका बघून जुळवलं की पटकन होतं.

आवाज बारीक येण्याचं कारण वेगळंच आहे. कीर्तनात आवाजाची चढउतार प्रचंड असते. महाराज दृष्टांत सांगताना अगदी कुजबुजल्यासारखं बोलतात आणि पुढच्याच मिनिटाला सगळे टाळ एकदम वाजतात. मीटरवर टाळाचा ठोका शून्याला टेकलेला असतो आणि बोलणं पार खाली, उणे तीसच्या आसपास. तुम्ही लिहिलंय की मी नॉर्मलाइझ केलं तरी वाढत नाही, तर ते वाढणारच नाही, कारण साधं नॉर्मलाइझ सगळ्यात उंच ठोका बघतं आणि तो आधीच वर टेकलेला असतो. आधी उंच भाग खाली आणायला लागतो. मी दोन टप्प्यांत करतो. पहिल्यांदा हाताने, म्हणजे गजराचे तुकडे वेगळे कापून त्यांचा गेन (आवाजाची पातळी) चार-सहा डीबीने उतरवतो. कंटाळवाणं काम आहे पण कॉम्प्रेसरवर (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या इफेक्टवर) सगळं सोडलं की तो टाळाच्या प्रत्येक ठोक्याला महाराजांचा आवाज दाबतो आणि परत सोडतो, श्वास घेतल्यासारखं ऐकू येतं. मग मिक्स ट्रॅकवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) हलका कॉम्प्रेसर आणि शेवटी हार्ड लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा इफेक्ट, त्याचं टोक उणे १ डीबीला.

मग मोजायचं. कानाला आवाज किती मोठा वाटतो हे मोजायचं एकक एलयूएफएस आहे. टीव्ही प्रसारणासाठी युरोपात ईबीयू आर १२८ या मानकाप्रमाणे उणे २३ धरतात, अॅपल पॉडकास्टसाठी उणे १६ सांगतं, एक डीबी इकडेतिकडे चालतं आणि टोक उणे १च्या वर जाऊ नये म्हणतं. फोनवर, उघड्यावर, ट्रॅक्टरवर ऐकणाऱ्यांसाठी मी उणे १६च धरतो. उणे २३वर ठेवलं तर शेतात काही ऐकूच येणार नाही. प्रीमियरमध्ये लाउडनेस मीटर नावाचा इफेक्ट आहे तो मिक्स ट्रॅकवर लावा, नसेल तर यूलीन लाउडनेस मीटर फुकट मिळतो. ऑडॅसिटीतही लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, पण मोनो फाइल असेल तर तिथली 'मोनोला ड्युअल मोनो समजा' ही टिक चालू ठेवा. ती बंद असेल तर मोनो फाइल ३ एलयूने (म्हणजे ३ डीबीने) हळू मोजली जाते, म्हणजे तुम्हाला वाटेल कमी आहे म्हणून तुम्ही वाढवत बसाल.

आता एक्सपोर्टच्या आधी टाइमलाइन बघायची. रिकामी दहा मिनिटं कुठून आली ते इथे सापडेल. टाइमलाइनवर क्लिक करून बॅकस्लॅश दाबा, पूर्ण टाइमलाइन एका नजरेत येते. शेवटाच्या पुढे लांब कुठेतरी एक-दोन फ्रेमचा कापलेला तुकडा पडलेला असणार, झूम केलेलं असताना तो दिसत नाही आणि एडिटर त्या तुकड्यापर्यंत सगळं एक्सपोर्ट करतो. तो काढून टाका. याच्या उलट कुणाची आरती कापली गेली असेल तर जुने इन आणि आउट मार्क (कुठून कुठपर्यंत एक्सपोर्ट करायचं त्या खुणा) राहिलेले असतात, कंट्रोल शिफ्ट एक्सने ते पुसा आणि एक्सपोर्टच्या खिडकीत रेंज पूर्ण सिक्वेन्स आहे का ते बघा. ट्रॅकच्या डोक्यावरची एम (म्यूट) आणि एस (सोलो) बटणं बघा. एडिट करताना एखादा ट्रॅक ऐकायला एस दाबलेलं असतं आणि तसंच राहतं, मग तेवढाच ट्रॅक बाहेर येतो, बाकी सगळं मुकं. शेवटचा टाळ आणि 'पुंडलिक वरदे'चा घोष विरेपर्यंत दोन-तीन सेकंद मोकळे सोडा, लगेच कापलं की फार वाईट वाटतं ऐकायला.

एवढं झालं की वेव्ह काढा. कंट्रोल एम, फॉरमॅटमध्ये वेव्हफॉर्म ऑडिओ, सँपल रेट ४८०००, स्टिरिओ, २४ बिट. ४८ हजार का, तर व्हिडिओच्या कामात तोच चालतो आणि तुमचे मोबाइल, रेकॉर्डर बहुधा त्यावरच रेकॉर्ड करतात, उगीच मध्ये बदल कशाला. ४४१०० हा सीडीचा रेट. आणि हे दोन मिसळले, म्हणजे ४४१००ची फाइल एखाद्या सॉफ्टवेअरने ४८०००ची समजून वाजवली, तर आवाज जवळपास दीड अर्धस्वराने (सेमीटोनने) वर चढतो आणि तासाभराचं कीर्तन पंचावन्न मिनिटांत संपतं. महाराजांचा आवाज लहान मुलासारखा झाला अशी तक्रार आली तर पहिल्यांदा हे तपासा. २४ बिट का, तर पुढे कुणी आवाज वरखाली करणार असेल तर त्याला जागा राहते. ३२ बिट फ्लोट घेऊ नका असं नाही, पुढे काम करणाऱ्यासाठी ती अजून चांगली, पण बऱ्याच साध्या प्लेअरला ती वाजवता येत नाही.

साइजचा हिशोब सोपा आहे. ४८ हजार, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला सव्वासतरा एमबी, दीड तासाच्या कीर्तनाला साधारण दीड जीबी. जास्त वाटेल, पण एका सप्ताहाची सात-आठ कीर्तनं बारा जीबीत बसतात, आणि तेवढ्यात तुमच्या व्हिडिओचा एक दिवसही बसत नाही. हरिजागराची रात्रभराची फाइल असेल तर मात्र तुकडे करून काढा, साध्या वेव्हला ४ जीबीची मर्यादा आहे, या सेटिंगला ती चार तासांच्या थोडी पुढे संपते.

इतर कुणी वाचत असेल तर दाविंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पेजवर ऑडिओ ओन्ली प्रीसेट आहे, किंवा कस्टममध्ये एक्सपोर्ट व्हिडिओची टिक काढा, ऑडिओ टॅबमध्ये वेव्ह, लिनिअर पीसीएम, २४. तिथे रेंडर 'सिंगल क्लिप' ठेवा, 'इंडिव्हिज्युअल क्लिप्स' राहिलं तर प्रत्येक कटची वेगळी फाइल पडते आणि फोल्डर भरून जातो. फायनल कटमध्ये शेअर, एक्सपोर्ट फाइल, सेटिंगमध्ये ऑडिओ ओन्ली. केडेनलाइव्ह आणि शॉटकटमध्येही नुसत्या ऑडिओचे प्रीसेट आहेत. मेनूची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी बदलतात, मागचा विचार तोच.

वेव्ह निघाली की ती फोनवर टाका, हेडफोन काढा, आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. सुरुवात, मधला एखादा गजर, निरूपणातला सगळ्यात हळू भाग, आणि शेवट. वेळ असेल तर पूर्ण ऐका, मी पूर्ण ऐकतो, भांडी घासताना का होईना, पण ऐकतो. ज्या माणसाला तुम्ही ही फाइल देणार तो डोळे मिटून दीड तास ऐकणार आहे, त्याच्याकडे बघायला चित्र नाही, आवाजात जे अडखळेल ते त्याला थेट लागणार.

मग आता एमपी३, आणि तुमचा मूळ प्रश्न. हे कोण, कशावर ऐकणार यावर आहे म्हणून एक आकडा सांगता येत नाही. ३२० केबीपीएसला दीड तासाचे २१६ एमबी होतात, १२८ला ८६, आणि ६४ मोनोला ४३. नुसतं व्याख्यान असतं, एकच माणूस बोलतोय, तर मी ६४ मोनो बिनधास्त दिलं असतं, बोलण्याला तेवढं पुरतं. पण कीर्तनात टाळ आहेत आणि कमी बिटरेटला पहिला बळी टाळाचा जातो. टाळाचा आवाज वरच्या पट्टीतला, लांब रेंगाळणारा, आणि एमपी३ जागा वाचवायला तिथेच कात्री लावते. ६४वर केलेलं कीर्तन ऐकून बघा, टाळाची किणकिण जाऊन पाण्यात काहीतरी खळबळतंय असा आवाज येतो आणि गजराला तो महाराजांच्या आवाजावरही चढतो. म्हणून कीर्तनाला मोनो केलं तरी ९६च्या खाली जाऊ नका, स्टिरिओ असेल तर १२८ हे किमान, १९२ मला सगळ्यात योग्य वाटतं. तुमच्याकडे डावा चॅनलच दोन्हीकडे वाजवलेला आहे आणि वर थोडासा मोबाइलचा मंडप, म्हणजे ती जवळपास मोनोच आहे, तर ९६ किंवा १२८ मोनो करा, फोनवर ऐकणाऱ्याला ३२० स्टिरिओपेक्षा काही कमी वाटणार नाही आणि डेटा निम्म्याहून कमी लागेल. मोनो करायच्या आधी चॅनल उलटा नाही ना हे तपासलेलं पाहिजे, नाहीतर मोनो करताच सगळं गायब.

पेनड्राइव्हवर ऐकणाऱ्यांचा वेगळा विचार करा, तुमच्या गावात हे लोक बरेच असतील. ट्रॅक्टरवर, टेंपोत, छोट्या स्पीकरमध्ये जे प्लेअर असतात त्यांतले पुष्कळसे फक्त एमपी३ ओळखतात, एम४ए (एमपी३सारखाच दुसरा ऑडिओ प्रकार) किंवा वेव्ह दिली तर फाइल दिसतच नाही. त्यांच्यासाठी ४४१००, कॉन्स्टंट बिटरेट ठेवा, व्हेरिएबल घेतलं तर काही जुने प्लेअर वेळ चुकीची दाखवतात. फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर बऱ्याच प्लेअरवर चौकोन दिसतात, म्हणून तिथे आधी नुसते क्रमांक, ०१, ०२ असे, आणि पुढे रोमन अक्षरात छोटं नाव. आणि दीड तासाची एक फाइल देऊ नका. ट्रॅक्टर बंद केला, परत चालू केला की तो प्लेअर बऱ्याचदा फाइल पहिल्यापासून लावतो, त्या माणसाला रोज मंगलाचरणच ऐकायला मिळतं. पंधरा-वीस मिनिटांचे भाग करा, पण घड्याळ बघून कापू नका. अभंगाचं एक चरण संपून पुढचं सुरू होतं तिथे, किंवा दृष्टांत संपून गजर होतो त्या गजरानंतर कापा. वाक्याच्या मध्ये कापलेलं ऐकताना जीव अडकतो.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशी आहे तशी जाते. पॉडकास्टवर टाकणार असाल तर १२८ चालेल, आणि महाराजांना आधी विचारा. गावात वाटणं वेगळं आणि जगासमोर कायमचं ठेवणं वेगळं, बहुतेक महाराज आनंदाने हो म्हणतात पण विचारलेलं बरं असतं.

आता पुण्याच्या साउंडवाल्याला काय पाठवायचं. त्याला यांतलं काहीच नको, एमपी३ तर नकोच, आणि ही मिक्स केलेली वेव्हसुद्धा नको. एकदा महाराज, टाळ, लोक सगळं एका फाइलमध्ये कालवलं की त्याला मृदंगाची घुमारी वेगळी काढून कमी करता येत नाही. त्याला ट्रॅक वेगवेगळे पाहिजेत. मिक्सरची लाइन एक फाइल, मोबाइल एकचा आवाज दुसरी, मोबाइल दोनचा तिसरी. सगळ्या टाइमलाइनच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या आणि एकाच लांबीच्या, मध्ये रिकामी जागा असली तरी चालते. प्रत्येक ट्रॅक एकटा सोलो करून तीन वेळा एक्सपोर्ट केलं की झालं, आणि झाल्यावर सोलो काढायला विसरू नका. कॉम्प्रेसर, लिमिटर, सगळे इफेक्ट बंद करून काढा. फक्त तो 'फिल राइट विथ लेफ्ट' राहू दे, किंवा त्याला सांगा की उजवा चॅनल उलटा आहे, तो समजून घेईल.

त्याच्याकडे प्रो टूल्ससारखं सॉफ्टवेअर असेल तर तो एएएफ मागेल, तो प्रीमियरच्या एक्सपोर्टमध्येच मिळतो. एएएफमध्ये तुमचे कट जसेच्या तसे जातात आणि प्रत्येक कटच्या मागेपुढे थोडा जास्तीचा आवाज देता येतो, त्याला हँडल म्हणतात, २५ फ्रेमच्या टाइमलाइनला १२५ फ्रेम म्हणजे पाच सेकंद ठेवा. त्या जास्तीच्या आवाजातून तो जोड लपवतो. पण त्याला आधी फोन करून विचारा, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते आणि काहींना साध्या वेव्हच बऱ्या वाटतात.

आवाज साफ होऊन परत आला की तो व्हिडिओवर बसला पाहिजे, त्यासाठी जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे पॉप. चित्र सुरू व्हायच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा टोन टाकायचा, सगळ्या ट्रॅकवर त्याच जागी, आणि बघायला म्हणून एक छोटा व्हिडिओही त्याच टाइमलाइनवरून काढून द्यायचा. परत आलेल्या फाइलमधला टोन तुमच्या टाइमलाइनवरच्या टोनवर बसला की बाकी सगळं बसलं. त्याला सांगा परत देताना वेव्हच दे, ४८ हजार, लांबी तीच. एमपी३ परत घेतली तर एन्कोडर सुरुवातीला थोडी रिकामी जागा घालतो, साधारण पंचवीस मिलिसेकंद, ती काही सॉफ्टवेअर कापतात काही कापत नाहीत. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, म्हणजे अर्ध्या फ्रेमहून जास्त गेलंच. बोलण्यात ते कदाचित चालून जाईल, पण मूळ मोबाइलचा ट्रॅक खाली ठेवून वर साफ केलेला वाजवाल तेव्हा टाळ डबल वाजताना ऐकू येईल.

राहिली ती मागच्या वर्षीची कीर्तनं, ज्यांचे प्रोजेक्ट तुम्ही डिस्क भरली म्हणून उडवलेत आणि फक्त तयार एमपी४ शिल्लक आहेत. ते एडिटरमध्ये आणून परत एक्सपोर्ट करू नका, तसं केलं की दाबलेला आवाज अजून एकदा दाबला जातो. एमपी४च्या आत ऑडिओ आधीच एएसी रूपात (एमपी३सारखाच दाबलेला) पडलेला असतो, तो न बदलता जसाच्या तसा बाहेर काढता येतो. लॉसलेसकट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकायची, व्हिडिओचा ट्रॅक बंद करायचा आणि एक्सपोर्ट, दीड तासाचं कीर्तन काही सेकंदांत एम४ए होऊन बाहेर येतं कारण तिथे काही एन्कोडच होत नाही. एफएफएमपेग (कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर त्यात व्हिडिओ नको आणि ऑडिओ कॉपी एवढंच सांगायचं, तेच काम होतं. ही एम४ए तुमची त्या वर्षाची मूळ प्रत समजून जपून ठेवा. फोनवाल्यांना ती तशीच द्या, फोन एम४ए वाजवतात. पण त्याही वर्षी लाइन त्याच वायरने घेतली असेल तर चॅनल तिथेही उलटा असणार, तेव्हा आधी ऑडॅसिटीत झूम करून बघा, आणि उलटा निघाला तर डावा चॅनल ठेवून, लाउडनेस उणे १६ला आणून, एकदाच एमपी३ करा, १२८ मोनो. दोन चॅनलचा झूम केलेला एक स्क्रीनशॉट आणि मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाकलात तर वायर कुठली बदलायची ते मी बघून सांगतो, पुढच्या सप्ताहाच्या आधी ते झालेलं बरं.